४३ इंची फुल एचडी नीट चालतोय, तरी ४के घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. घरात ४३ इंची फुल एचडी टीव्ही आहे, २०१८ साली घेतलेला, अजून काही बिघाड नाही, फक्त सासऱ्यांना तो नीट वाटत नाही. सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर. सासूबाई आणि सासरे संध्याकाळी ७ ते १० डीटीएचवर मराठी मालिका बघतात, मुलगा क्रिकेट आणि यूट्यूब, तुम्ही दोघं रात्री ओटीटीवर काहीतरी लावता. १०० एमबीपीएसचं फायबर आहे. आता सेलमध्ये ४३ इंची ४के स्वस्तात दिसतोय आणि मिस्टर म्हणतायत चित्र चौपट क्लिअर येईल, तर घ्यावा का.

मी सांगलीत २३ वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम करतोय, पिक्चर ट्यूबच्या सेटपासून सुरुवात केली, आणि गेली १२ वर्षं दुकानात विक्रीपण आहे. टीव्ही विकला गेला तर फायदा माझ्यासारख्याचाच, तरी स्पष्ट सांगतो, ४३ च्या जागी ४३ चाच ४के घेऊ नका. तुम्हाला जो फरक हवाय तो त्या पैशात मिळणार नाही. का मिळणार नाही ते सांगतो आणि कधी घ्यावा तेही सांगतो, कारण काही घरांत ४के घेणं एकदम बरोबर असतं.

मिस्टर चौपट म्हणतायत ते आकड्यात बरोबर आहे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण साधारण २० लाख ७३ हजार. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. पण हे ठिपके डोळ्याला वेगळे दिसले तर त्याचा उपयोग ना. मुलाच्या दप्तरात आलेख पेपर असेल बघा, गणिताचा, त्यावर १ मिलिमीटरचे बारीक चौकोन असतात. तो पेपर टीव्हीच्या जागी भिंतीला चिकटवा आणि सोफ्यावर बसून बघा. १ सेंटीमीटरचे जाड चौकोन दिसतील, पण मिलिमीटरचे बारीक चौकोन एकमेकांत मिसळून नुसता फिका रंग दिसेल, चष्म्याचा नंबर बरोबर असला तरी. आता तुमच्या ४३ इंची फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, म्हणजे त्या चौकोनाच्या निम्मा. जे ९ फुटांवरून आत्ताच दिसत नाही त्याचे आणखी चार तुकडे केले तर काय दिसणार? ४के मध्ये तो ठिपका पाव मिलिमीटरचा होतो, एवढाच फरक.

नॉर्मल नजरेच्या माणसाला फुल एचडीचे ठिपके कुठपर्यंत जाणवतात याचा हिशोब सोपा आहे. ४३ इंचीला साधारण साडेपाच फुटांपर्यंत, ५५ इंचीला सात फुटांपर्यंत, ६५ इंचीला साडेआठ फुटांपर्यंत. त्याच्या मागं बसलात की फुल एचडी आणि ४के, नुसत्या ठिपक्यांच्या बाबतीत, सारखेच. लहान मुलांची नजर जास्त तीक्ष्ण असते त्यामुळे त्यांना थोडं लांबूनही कळतं, आणि वय झालेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्याहून जवळ यावं लागतं. म्हणून मी दुकानात कुणी आलं की आधी विचारतो, सोफा किती लांब आहे? दहातल्या आठ जणांना माहीत नसतं, फोन करून घरच्यांना मोजायला लावतात. तुम्ही मोजूनच विचारलंत, त्यामुळं उत्तर द्यायला बरं पडलं.

आता यापेक्षा महत्त्वाची गोष्ट, आणि इथंच जास्त लोकांचं नुकसान होतं. टीव्हीत काय येतंय ते बघा. डीटीएचवरचं साधं एसडी चॅनेल म्हणजे जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपके, सव्वाचार लाखाच्या आत. हे ५७६ पण नवीन नाही, १९८२ ला एशियाडच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं त्या काळचंच हे मोजमाप, तेच अजून चाललंय. ४के टीव्हीवर एसडी चॅनेल लावलं की टीव्हीला सव्वाचार लाखातून ८३ लाख ठिपके भरायचे असतात, म्हणजे २० मधले १९ ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. स्वस्तातल्या टीव्हीचं प्रोसेसर हा अंदाज बरा करत नाही, मग चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात, खालची पट्टी वाचताना अक्षराच्या कडा थरथरतात. सासूबाईंची मालिका एसडी पॅकवर असेल तर नवीन टीव्ही आल्यावर त्या म्हणतील की जुनाच बरा होता, आणि त्यांचं बरोबर असेल.

हे मी स्वतः अनुभवलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं पूर आला, गावभागात लोकांचे टीव्ही, फ्रीज, सगळं पाण्यात गेलं. नंतरच्या दोन महिन्यांत विक्री भरपूर झाली. एका काकांना मी ५५ इंची ४के दिला. महिन्याभरात काका दुकानात, म्हणाले अरे जुन्या टीव्हीवर चांगलं दिसायचं, यात सगळं धुरकट दिसतंय, पॅनेल खराब आहे का बघ. घरी गेलो तर माळ्यावर ठेवल्यामुळं वाचलेला जुना एसडी सेटटॉप बॉक्स, त्याला ती पिवळी-लाल-पांढरी पिन, आणि ती ५५ इंचीला जोडलेली. विकताना मी बॉक्स कुठला आहे हे विचारलंच नव्हतं. पुरात सगळं गेलेल्या माणसाला पैसे खर्च करायला लावले आणि समाधान दिलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. एचडी बॉक्स आणि एचडीएमआय केबल लावून दिली, रंगच बदलला चित्राचा. तेव्हापासून बॉक्स विचारल्याशिवाय मी टीव्ही दाखवत नाही.

तर तुम्ही नवीन टीव्ही घ्यायच्या आधी हे करा, आजच करा, यात जवळजवळ काही खर्च नाही. टीव्हीच्या मागं बघा बॉक्समधून टीव्हीत कुठली वायर जाते. तीन रंगांच्या पिना असतील तर तुम्ही ८ वर्षं फुल एचडी टीव्हीवर एसडी बघताय. बॉक्सला चपटं एचडीएमआय पोर्ट असेल तर २००-३०० रुपयांची केबल आणा, हजार रुपयांची सोनेरी पिनवाली नको, दोन मीटरच्या आत साधी केबल तेच काम करते. पोर्टच नसेल तर डीटीएचवाल्यांना फोन करून एचडी बॉक्स बदलून घ्या. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट बघा, बऱ्याच बॉक्समध्ये ते ५७६ किंवा ७२० वर पडलेलं असतं, बसवणारा मुलगा घाईत असतो तो काही बघत नाही. ते १०८०आय करा. आपल्याकडची एचडी चॅनेल १०८०आय मध्येच येतात. स्टार प्रवाह, झी मराठी यांची एचडी चॅनेल वेगळ्या नंबरवर असतात, पॅकमध्ये ती आहेत का बघा, नाहीतर लोक एचडी बॉक्स घेतात आणि सवयीनं जुनाच एसडीचा नंबर दाबत राहतात. आजी-आजोबांच्या रिमोटवर फेव्हरेटमध्ये एचडीचा नंबर टाकून द्या, म्हणजे त्यांना नवीन नंबर पाठ करायला नको.

टीव्हीतली दोन सेटिंगपण बदला. पिक्चर साइजमध्ये जस्ट स्कॅन, ओरिजिनल, स्क्रीन फिट असं काहीतरी असेल, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ते चालू केलं नाही तर टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणतो आणि मग आलेला ठिपका पडद्याच्या ठिपक्यावर नेमका बसत नाही. दुसरं, शार्पनेस. लोकांना वाटतं वाढवलं की क्लिअर होईल म्हणून १०० वर नेऊन ठेवतात. त्यानं चेहऱ्याभोवती पांढरी कड येते, डोळ्यांना त्रास होतो. पार खाली न्या, मग हळूहळू वर आणा, पांढरी कड दिसायला लागली की दोन पायऱ्या मागं घ्या. आणि व्हिविड मोड बंद करून सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, सवय झाली की व्हिविड बघवत नाही.

एवढं केल्यावर निम्म्या लोकांचा टीव्ही बदलायचा विचार मागं पडतो, हा माझा अनुभव आहे.

आता ४के खरंच कुठं येतं ते. डीटीएचवर जवळजवळ नाहीच. २०१५ च्या वर्ल्ड कपच्या वेळी ४के बॉक्स आला होता, काही मॅच दाखवल्याही, पण रोजची चॅनेल काही ४के झाली नाहीत, इतकी वर्षं झाली तरी. ४के येतं ते इंटरनेटवरून. यूट्यूबवर फुकट आहे, भरपूर आहे. नेटफ्लिक्सला प्लॅन बघावा लागतो, १९९ वाला ७२०पी देतो, ४९९ वाला फुल एचडी आणि ४के फक्त ६४९ वाल्यात. म्हणजे टीव्ही घेतल्यावर वर महिन्याला १५० रुपये, वर्षाला १८००, आणि तेसुद्धा आत्ता ४९९ भरत असाल तर. बाकीच्या ॲपचंही तेच, सगळ्यात वरच्या प्लॅनला ४के ठेवलेलं असतं. मोबाइलच्या रिचार्जबरोबर फुकट मिळालेलं ओटीटी बहुतेक खालच्या प्लॅनचं असतं, ते घरात ४के टीव्ही असला तरी ४के देत नाही. माझ्याकडं लोक येतात, म्हणतात टीव्हीत ४के लागत नाहीये, बघितलं की प्लॅनच मोबाइलवाला निघतो.

नेटला तुमचं १०० एमबीपीएस बक्कळ झालं. नेटफ्लिक्स ४के ला १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. पण राउटर बेडरूममध्ये आणि टीव्ही हॉलमध्ये, मध्ये दोन विटांच्या भिंती, असं असेल तर टीव्हीपर्यंत तेवढं पोचत नाही. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढली की प्रश्नच मिटतो. डेटाचा हिशोब सांगतो, ४के ला तासाला ७ जीबीपर्यंत जातो, रोज ४ तास बघितलं तर महिन्याला ८०० जीबीच्या वर. फायबरला चालून जातं, पण टॉवरवरून येणाऱ्या वायरलेस नेटवाल्यांनी लिमिट बघून घ्यावी.

इथं एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मान्य करतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल तुम्ही ४के च्या विरोधातच आहात. ओटीटीवरचं ४के लांबूनसुद्धा थोडं चांगलं दिसतं, आणि त्याचं कारण ठिपके नाहीत, तर त्यात दर सेकंदाला डेटा जास्त येतो. फुल एचडीत अंधारातला सीन, धुकं, आकाश, पाणी असं काही आलं की चौकोनी ठोकळे दिसतात बघा, रंगाचे पट्टे पडतात. ४के च्या स्ट्रीममध्ये ते कमी होतं. बरोबर एचडीआर पण येतं, म्हणजे चित्रातला उजेड आणि अंधार जास्त खुलवून दाखवायची पद्धत, त्यावर पुढं सांगतो. म्हणजे तुमच्या घरात रोजचं बघणं जर मुख्य ओटीटीवर असतं आणि डीटीएच बंद करायचा विचार असता, तर माझं उत्तर बदललं असतं. पण तुमच्याकडं प्राइम टाइम सासूबाईंचा आहे.

जुन्या गोष्टी बघणाऱ्यांसाठी एक. जुने सिनेमे ३५ एमएमच्या फिल्मवर आहेत, त्या फिल्ममध्ये बारकावे भरपूर असतात, त्यामुळं ते नीट स्कॅन केले तर ४के मध्ये खरंच उजळून निघतात. पण नव्वदच्या दशकातल्या आपल्या मालिका व्हिडिओ टेपवर शूट झालेल्या, त्यात मुळात एसडीच आहे, त्यातून कुठलाही टीव्ही जास्त काही काढू शकत नाही.

मग ४के कधी घ्यायचा? मोठा घ्यायचा असेल तेव्हा. मला विचाराल तर लोकांना जे "क्लिअर" हवं असतं ते बऱ्याचदा "मोठं" असतं. ४३ वरून ५५ वर गेलात तर पडद्याचं क्षेत्रफळ दीडपटीच्या वर जातं, ९ फुटांवरून ते लगेच जाणवतं, सासऱ्यांनासुद्धा, चष्मा शोधायला न लागता. आणि आता बाजारात ५० च्या वर साधा फुल एचडी मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, मोठा घेतला की ४के आपोआप येतो. म्हणून माझा सल्ला असा की ४के घ्यायचा म्हणून टीव्ही बदलू नका, मोठा हवा असेल तर बदला. तुमच्या अंतराला ५५ बसतो, भिंत मोकळी असेल तर ६५ सुद्धा मोठा वाटणार नाही, फक्त मग डीटीएच एचडीवरच पाहिजे, एसडी ६५ इंचीवर खरंच बघवत नाही.

जागा मोजा पण. आपल्याकडं सुतारानं केलेलं टीव्ही युनिट असतं, मधला कप्पा ४ फुटांचा. ४ फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर. ५५ इंची टीव्ही कडेसकट १२३ सेंटीमीटरच्या आसपास जातो. एका सेंटीमीटरसाठी युनिट फोडलेली मी दोन घरं बघितलीत, आणि एका घरात टीव्ही परत पाठवलाय. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, रुंदी वेगळी असते, टीव्हीच्या खोक्यावर रुंदी सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असते ती बघा. पायांचं अंतरही बघा, आता दोन टोकांना पाय देतात, जुनं टेबल पुरत नाही. आणि भिंतीवर लावणार असाल तर फार वर लावू नका, पडद्याचा मध्य सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या साधारण समोर यावा. सासरे मान वर करून तीन तास बघणार असतील तर मानेचं दुखणं लागतं.

आता पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा. एवढ्या वर्षांत माझं मत असं झालंय की चांगल्या पॅनेलचा फुल एचडी हा भंगार पॅनेलच्या ४के पेक्षा कधीही सुंदर दिसतो. चित्र डोळ्याला आवडतं ते आधी काळ्या-पांढऱ्यातल्या फरकामुळं, मग रंगामुळं, ठिपके त्याच्या नंतर. एलईडी टीव्हीत मुख्य दोन जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीए मध्ये काळा रंग खोल येतो, रात्री दिवे बंद करून सिनेमा बघायला छान, पण बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस मध्ये बाजूनं नीट दिसतं, पण अंधारात काळा राखाडी दिसतो. तुमच्याकडं सोफा समोर आहे पण सासूबाई दिवाणावर कोपऱ्यात बसत असतील, मुलं खाली चटईवर, तर हे बघून घ्या. दुकानात टीव्हीसमोरून चालत एका बाजूला जा, चेहऱ्याचा रंग कुठं उडतो ते लगेच कळतं. एकाच मॉडेलच्या ५० आणि ५५ मध्ये वेगवेगळी पॅनेल असतात हेही लक्षात ठेवा, एक बघून दुसरा मागवू नका.

आणि एचडीआर. टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन, असे एचडीआरचे सगळे शिक्के असतात. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल समजतो. दाखवता येतो का हे उजेडावर आहे. निट्स हे पडद्याचा उजेड मोजायचं माप, एचडीआरचे सिनेमे बऱ्याचदा १००० निट्सच्या उजेडाला धरून बनवतात, आणि स्वस्तातले ४के टीव्ही २५० ते ३०० निट्सच्या आसपास असतात. त्यात एचडीआर लावलं की उलट चित्र अंधारं दिसतं, लोक विचारतात रात्रीचे सीन दिसत का नाहीत. खरं एचडीआर हवं असेल तर मिनी एलईडी किंवा ओएलईडी अशा भारी पॅनेलच्या टीव्हीकडं जावं लागतं, तिथं पैसे सरळ वाढतात, पण तिथं फरक आंधळेपणानं विश्वास ठेवून मानायचा नसतो, दिसतो. सेलमधल्या ४३ इंची ४के मध्ये हे नसणार.

सेलमधले अगदीच अनोळखी ब्रँड असतील तर आणखी एक धोका. "४के सपोर्ट" असं मोठ्या अक्षरात लिहितात, म्हणजे ४के फाइल चालते, पण पॅनेल फुल एचडी किंवा त्याहून कमी ठिपक्यांचं, नुसतं एचडी रेडी. मागच्या स्टिकरवर किंवा माहितीत ३८४० गुणिले २१६० लिहिलेलं असलं पाहिजे. असेंबल केलेल्या काही टीव्हींना ओटीटी कंपन्यांची मान्यता नसते, तिथं ॲप चालतं पण चित्र एसडीच येतं, कितीही पैसे भरा. मग ग्राहक माझ्याकडं येतो आणि मला सांगावं लागतं की यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

शोरूममध्ये जाल तेव्हा तिथल्या चालू असलेल्या चित्रावर जाऊ नका. ती फुलं, समुद्र, पोपट, ते खास ४के मध्ये शूट केलेलं असतं, पेनड्राइव्हवरून चालतं, आणि तुम्ही ३ फुटांवर उभं राहून बघत असता. दुकानदाराला सांगा, सेटटॉप बॉक्स जोडून एक बातम्यांचं एसडी चॅनेल लाव आणि एक एचडी मालिका लाव, मग ९ पावलं मोजून नको, ९ फूट मागं जाऊन बघा. नाराज झाला तरी लावायला सांगा. माझ्या दुकानात मी स्वतःच लावून दाखवतो, दोन-चार गिऱ्हाइकं विचार बदलून जातात, पण तीच पुढं दहा जणांना पाठवतात.

मुलाच्या क्रिकेटचं वेगळं आहे. चेंडू पळताना शेपूट दिसते, ती ठिपक्यांच्या संख्येमुळं नसते. पॅनेलचा वेग आणि १०८०आय मधल्या अर्ध्या-अर्ध्या ओळी टीव्ही कसा जुळवतो त्यावर ते आहे, ४के स्वस्त असेल तर तिथं उलट जास्त दिसतं. २०२३ ला आयपीएल ॲपवर ४के मध्ये आली तेव्हा बऱ्याच जणांनी त्यासाठी टीव्ही घेतले, चित्र छान होतंच, पण ॲपवरची मॅच डीटीएचच्या बरीच सेकंद मागं असते. शेजारी ओरडतात तेव्हा आपल्याकडं बॉलर अजून रनअपला असतो. मुलगा प्लेस्टेशन ५ वगैरे मागत असेल तर मात्र ४के चा खरा उपयोग आहे, कारण खेळताना मुलं ४-५ फुटांवर बसतात, आणि तेव्हा १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं पॅनेल आणि एचडीएमआय २.१ पोर्ट बघून घ्या. ८के चा तर विचारच करू नका, बघायला काही येतच नाही त्यात.

२०१८ चा टीव्ही आहे म्हणजे त्यातली ॲप आता अडकत असतील, काही अपडेट होत नसतील. लोक याला कंटाळून टीव्ही बदलतात. ४-५ हजाराची स्ट्रीमिंग स्टिक मागच्या एचडीएमआयला लावा, टीव्ही नवा झाल्यासारखा वाटेल, आवाजानं शोधताही येतं, तुमच्या मुलाला आधीच माहीत असेल.

सासऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यांना टीव्ही "नीट नाही" वाटतो. त्यांना एकदा शांतपणे विचारा की दिसत नाही की ऐकू येत नाही. आताच्या सगळ्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून असतात, संवाद भिंतीवर आपटून येतात, पार्श्वसंगीत मोठं आणि बोलणं बारीक. वय झालेल्या माणसाला हे फार त्रासाचं होतं आणि नवीन ४के मध्येही अगदी हाच स्पीकर असतो. ५-६ हजाराचा साधा साउंडबार टीव्हीच्या खाली ठेवला तर त्यांचे तीन तास सुखाचे जातील, मला वाटतं तुमच्या घरात पहिला खर्च हाच व्हावा.

टीव्ही कुठलाही असो, वळवाच्या पावसाचं आभाळ भरून आलं की, विजा चमकायला लागायच्या आधीच प्लग काढा, आणि डिशच्या छत्रीची वायर बॉक्समधून सोडवा. नुसता प्लग काढून चालत नाही, वीज छत्रीच्या वायरमधून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयनं टीव्हीच्या बोर्डात शिरते. एप्रिल-मे मध्ये माझ्या टेबलावर असे बोर्ड ओळीनं येतात. ४के चा बोर्ड महाग, आणि पॅनेल गेलं तर टीव्हीच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त खर्च, त्यामुळं मोठा घेतलात तर पॅनेलची वाढीव वॉरंटी घ्या, एरवी मी वाढीव वॉरंटीचा आग्रह धरत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा लावतो. या आठवड्यात वायर, बॉक्सचं सेटिंग, एचडीचे नंबर. महिन्याभरात साउंडबार, ॲप अडकत असतील तर स्टिक. मग दोन महिने बघा. तरी वाटलं की मोठा पाहिजे तर ५५ इंची ४के घ्या, चांगल्या पॅनेलचा, घाईत सेलमध्ये नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळं आता सेलच्या बाहेरही भाव पूर्वीएवढे चढे नाहीत, पुढचे दोन महिने थांबल्यानं तुमचं काही जात नाही.

आणि तेव्हा जुना ४३ एक्सचेंजमध्ये देऊ नका, दीड-दोन हजार हातावर ठेवतात. सासू-सासऱ्यांच्या खोलीत लावा. तिथं पलंग टीव्हीपासून सहा-सात फुटांवर असेल, त्या अंतराला ४३ फुल एचडी अगदी बरोबर बसतो, मालिका एचडीवर लावून द्या, आणि हॉलमध्ये मुलगा त्याची मॅच बघेल. खोलीची मापं आणि बॉक्सच्या मागचा फोटो पाठवलात तर कुठली वायर कुठं लावायची ते मी सांगतो.